रक्ताची बाटली आधी, गोळी नंतर

पावसाळा सुरू झाला की आमच्या लॅबच्या काउंटरवर दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "मॅडम, टायफॉइड चेक करायचाय." कुणाच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, कुणाला मेडिकलवाल्याने पाठवलेलं असतं, कुणाला शेजारच्या काकूंनी. ताप दोन-तीन दिवसांचा, अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आधीच पोटात गेलेल्या, आणि रिपोर्ट तासाभरात हवा. आम्ही थोडं रक्त काढतो, विडाल लावतो, कागदावर '१:८०' असा आकडा येतो आणि दारातूनच घरी फोन जातो, "टायफॉइड निघाला."

मी हडकोत, टीव्ही सेंटरच्या बाजूच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या या भागातली निम्मी घरं मला नावानिशी ओळखतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना आयुष्यात एकदा तरी 'टायफॉइड निघालेला' आहे. मला हे मान्य नाही. टायफॉइड इथे आहे, भरपूर आहे. पण ज्यांना टायफॉइड म्हणून औषध दिलं जातं त्यांच्यातल्या अनेकांना तो नसतो, आणि ज्यांना खरोखर असतो त्यांच्यातल्या अनेकांचा तो अर्धवट गोळ्यांखाली झाकला जातो. दोन्हीचं कारण एकच. आपण अंदाजाने चाललो आहोत.

आधी आजार नीट समजून घेऊ. टायफॉइडचा जंतू म्हणजे साल्मोनेला टायफी. तो माणसाशिवाय कुणात राहत नाही. गाई-म्हशीत नाही, कोंबडीत नाही, उंदरातही नाही. म्हणजे ज्याला टायफॉइड झाला त्याच्या पोटात कुठल्या तरी दुसऱ्या माणसाच्या शौचाचा अंश गेलेला असतो, पाण्यातून नाहीतर खाण्यातून. ऐकायला किळस येते, पण रोगाचा सगळा प्रवास एवढ्यात आला. मलनिस्सारणाची वाट आणि पिण्याच्या पाण्याची वाट जिथे एकमेकांना भिडतात, तिथे टायफॉइड असतो. याचाच सख्खा भाऊ पॅराटायफॉइड. लक्षणं आणि उपचार जवळपास तेच.

जंतू गिळल्यावर लगेच काही होत नाही. साधारण एक ते दोन आठवडे जातात. त्यामुळे 'काल पाणीपुरी खाल्ली आणि आज टायफॉइड झाला' हा हिशेब बसत नाही. काल रात्रीच्या जेवणानंतर आज सकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले तर ती वेगळी विषबाधा, तिचे जंतू वेगळे. टायफीचा जंतू लहान आतड्याच्या भिंतीतून आत शिरतो. जंतूंना मारण्यासाठी ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यांच्याच पोटात लपून वाढतो, त्यांच्याबरोबर यकृत, प्लीहा आणि हाडांतल्या मज्जेपर्यंत जातो आणि तिथून रक्तात उतरतो. तेव्हा ताप येतो. पहिल्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त चढतो. डोकं ठणकतं, जेवण नको होतं, जिभेवर पांढरा थर येतो, पोटात दुखतं. मोठ्यांना बऱ्याचदा जुलाबापेक्षा बद्धकोष्ठच होतं, लहान मुलांना जुलाब. सर्दी-खोकल्याचा फारसा त्रास नसतो, नुसता ताप आणि मरगळ. म्हणून घरचे म्हणतात, "कामाचा शीण आहे, उतरेल."

खरी भीती तिसऱ्या आठवड्याच्या आसपासची. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लसीका पेशींच्या चकत्या असतात. त्या सुजतात, त्यांना व्रण पडतात आणि तिथून रक्तस्राव होतो किंवा आतड्याला भोकच पडतं. पोट अचानक फार दुखू लागलं, दगडासारखं कडक झालं, शौच काळी किंवा रक्ताची झाली, नाडी पळू लागली, रुग्ण बरळू लागला, तर घरी सलाईन लावून देणाऱ्याला बोलवायचं नाही, सरळ घाटी किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. अँटिबायोटिक येण्यापूर्वी टायफॉइड झालेल्या दहांपैकी एक ते तीन जण दगावत. वेळेवर योग्य औषध मिळालं तर आज हे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ९० लाख लोकांना टायफॉइड झाला आणि सुमारे १ लाख १० हजार माणसं गेली. औषध माहीत असलेल्या आजाराने एवढी माणसं जावीत, हे मला सहन होत नाही.

आता विडाल. ही चाचणी १८९६ सालची, फ्रान्सच्या जॉर्ज विडाल यांच्या नावाची. ती जंतू शोधत नाही. जंतूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ही प्रतिद्रव्यं आजाराचा पहिला आठवडा सरता सरता वाढू लागतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी केलेली विडाल खऱ्या टायफॉइडमध्येही कोरी येऊ शकते. उलट, पूर्वी कधी हा जंतू अंगात येऊन गेला असेल, लस घेतली असेल, मलेरिया किंवा दुसरा एखादा ताप असेल, तरी आकडा वर जातो. ज्या शहरात पाणी दूषित असतं तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही '१:८०' सापडतं. एकाच विडालवर टायफॉइड ठरवू नये, असं सूक्ष्मजीवशास्त्राची पुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. तरी ती चालते, कारण स्वस्त आहे, झटपट आहे आणि हातात एक आकडा देते. पावसाळ्यात तर डेंग्यूही इथेच असतो. विडालचा आकडा बघून टायफॉइडचं औषध चालू राहिलं आणि आत डेंग्यू असला, तर प्लेटलेट उतरेपर्यंत कुणाला कळत नाही.

खरी चाचणी ब्लड कल्चर. तिच्यात जंतू स्वतः वाढून समोर येतो. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात चिकलठाण्याची एक शाळकरी मुलगी आली. तापाचा पाचवा दिवस. तिच्या डॉक्टरांनी अजून अँटिबायोटिक सुरू केलं नव्हतं. चिठ्ठीवर ठळक लिहिलं होतं, 'कल्चरसाठी नमुना घेऊन मगच औषध.' अशी चिठ्ठी पाहिली की मला बरं वाटतं. टायफॉइडमध्ये एक मिली रक्तात बऱ्याचदा एखादाच जंतू सापडतो, म्हणून रक्त जास्त लागतं. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली, मुलांचं वयाप्रमाणे कमी. एवढं रक्त बघून वडील कासावीस झाले. "ताई, आधीच अशक्त आहे पोरगी." मी त्यांना सांगितलं, कमी घेतलं तर जंतू हाती लागणार नाही आणि पुन्हा टोचावं लागेल. कातडी स्पिरिटने पुसून वाळू दिली, शीर सापडली आणि रक्त थेट कल्चरच्या बाटलीत गेलं. ते गेल्यावर डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं, फक्त नमुना आधी द्यायचा असतो.

बाटली ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी आतला द्रव गढूळ दिसू लागला. त्यातला थेंब मॅक्काँकीच्या गुलाबीसर प्लेटवर ओढला. रात्रभरात तिथे बारीक, गोल, बिनरंगी ठिपके उगवले. पोटातले नेहमीचे ई-कोलाय त्या प्लेटवर गडद गुलाबी होतात, टायफी फिका राहतो. काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर गुलाबी, आखूड काड्या. मग तिरप्या आगराची नळी. वरचा भाग लाल, तळ पिवळा आणि दोन्हींच्या सांध्यावर काळ्या रंगाची अगदी पुसट रेघ. ही रेघ इतकी हलकी असणं हीच टायफीची ओळख, त्याचे बाकीचे बहुतेक भाऊबंद नळी काळीकुट्ट करतात. शेवटी प्रतिद्रव्याचा थेंब घातला, जंतूंच्या गुठळ्या झाल्या, आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मान हलवली.

तरी काम संपत नाही. तो जंतू दुसऱ्या प्लेटवर पसरून त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जंतू वाढत नाही, तिच्याभोवती स्वच्छ गोल रिंगण दिसतं. या मुलीच्या प्लेटवर सिफ्ट्रियाक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनभोवती मोकळी रिंगणं होती. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला मात्र जंतू जवळजवळ चिकटून वाढला होता.

दरम्यान वडील चौथ्या दिवशी पुन्हा काउंटरवर. "ताई, ताप अजून १०२ आहे. औषध बदलून घेऊ का? शेजारचे म्हणतात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा." इथेच बहुतेक घरांचा तोल जातो. योग्य औषध सुरू केल्यावरही टायफॉइडचा ताप उतरायला तीन ते पाच दिवस, कधी आठवडाही लागतो, कारण जंतू पेशींच्या आत दडलेला असतो. हे माहीत नसलं की दुसऱ्या दिवशी गोळी बदलते, चौथ्या दिवशी डॉक्टर बदलतो, आणि कुठल्याच औषधाची मुदत पूर्ण होत नाही. या मुलीचा रिपोर्ट हातात होता. औषध लागू पडणारं आहे हे कागदावर दिसत होतं. डॉक्टरांनी तेच चालू ठेवलं आणि पाचव्या दिवशी ताप उतरला. कल्चरचा मला वाटणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच. त्याने धीर धरायला आधार मिळतो.

कल्चर सगळं पकडत नाही, हेही सांगायला हवं. खऱ्या टायफॉइडच्या शंभर रुग्णांमधले सुमारे साठच त्यात सापडतात. आणि आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर आणखी कमी. एमपीएससीचा अभ्यास करणारी, मेसवर जेवणारी कितीतरी मुलं आमच्याकडे दोन-तीन प्रकारच्या गोळ्या खाऊन येतात. त्यांची बाटली सात दिवस ठेवली तरी स्वच्छच राहते आणि डॉक्टरांना पुन्हा अंदाजावरच यावं लागतं. पहिली गोळी घेण्याआधीची ती दहा मिनिटं एकदा गेली की परत मिळत नाहीत.

जंतू औषधांना कसा सरावतो, हे टायफॉइडमध्ये जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच दुसऱ्या आजारात दिसत असेल. क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ मध्ये टायफॉइडवर वापरलं गेलं तेव्हा लोकांना चमत्कार वाटला. १९७२ मध्ये केरळात कोझिकोडला त्याला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. ऐंशीचं दशक संपेपर्यंत क्लोरॅम्फेनिकॉलसह तिन्ही जुनी औषधं एकत्र निकामी ठरू लागली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं आणि दक्षिण आशियात तेही बोथट झालं. २०१६ च्या अखेरीपासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतातल्या हैदराबादमध्ये असा टायफॉइड पसरला की सिफ्ट्रियाक्सोनही चालेना. तोंडावाटे घ्यायचं एकच भरवशाचं औषध उरलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन. हीच गोळी कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघर खाल्ली गेली, आणि आजही साध्या सर्दीला मेडिकलवर मागितली जाते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, टायफॉइडचं औषध डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस घ्या. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नका, दुसऱ्याला तर मुळीच देऊ नका. पूर्ण औषध घेऊनही काही जणांना दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटतो. तेव्हा पुन्हा कल्चर.

पथ्याविषयीही बोलते, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच. 'पोळी बंद, भाजी बंद, फक्त दूध-बिस्किट' असं करून माणसाला आणखी खंगवू नका. मऊ भात, मुगाची खिचडी, वरण, दही, केळं, उकडलेलं अंडं, भाकरी ताकात कुस्करून, जे पचेल ते थोडं थोडं द्यावं. तिखट-तेलकट टाळावं. पाणी, ताक, ओआरएस भरपूर. तापाला पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, आत डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सलाईनने टायफॉइड बरा होत नाही. उलट्यांमुळे पाणी कमी झालं असेल तेव्हाच ती उपयोगी.

आता पाण्याकडे येते, कारण मूळ तिथेच आहे. लहान मुलांमधल्या टायफॉइडचा देशातला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर एक लाख मुलांमागे वर्षाला किती टायफॉइड होतो हे कल्चर करून मोजलं होतं. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर या शहरी वस्त्यांमध्ये तो ५७६ ते ११७३ निघाला. आपल्या पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ३५. खेड्यातल्या मुलांचे हात शहरातल्या मुलांपेक्षा स्वच्छ असतात म्हणून हा फरक पडला असेल, असं मला वाटत नाही. दाट वस्ती, शेजारी शेजारी पुरलेली पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन, हा टायफॉइडचा खरा पत्ता आहे.

आणि आमचं शहर? पैठणच्या नाथसागरातून, सुमारे ५० किलोमीटरवरून पाणी उचलायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं आणि जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जलवाहिन्यांतून शहरात आणायचं. वर्षानुवर्षं इथे नळाला पाणी अनेक दिवसांआड येत आलं आहे, उन्हाळ्यात आठवडा उलटून जातो. १६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली, तिचा खर्च २७४० कोटींवर गेला, आणि लोक अजून ड्रम भरत आहेत. रोज पाणी न येण्याचा त्रास सगळ्यांना दिसतो, रोग दिसत नाही. पाइप भरलेला आणि दाबाखाली असतो तेव्हा त्याच्या फटीतून पाणी बाहेर येतं. तो रिकामा पडला की त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत झिरपतं, आणि शेजारून गटार जात असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणीत दूषित पाण्याने गॅस्ट्रोची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, ती या शहराने पाहिली आहे. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने इथे जमिनीखालून नहर आणली, तिचे हवा सोडणारे उंच बंबे आजही उभे आहेत. पाण्यासाठी एवढा विचार केलेल्या गावाला आज शुद्ध आणि रोजचं पाणी मिळायलाच हवं.

ते मिळेपर्यंत घरात काय करायचं? नळ आल्यावर सुरुवातीची काही मिनिटं येणारं पाणी पिण्याच्या भांड्यात घेऊ नका. आठ दिवस वाट पाहिलेलं पाणी सोडून द्या असं कुणाला सांगवत नाही, म्हणून ते संडासाच्या आणि फरशीच्या बादलीत भरा. पाण्यात घातलेला क्लोरीन साठवणुकीत उडून जातो, त्यामुळे पहिल्या दिवशी ठीक असलेला ड्रम चौथ्या दिवशी ठीक असेलच असं नाही. पिण्याचं पाणी चांगली उकळी फुटेपर्यंत तापवा आणि झाकून ठेवा. ते जमत नसेल तर आरोग्यसेविकेकडे मिळणारं क्लोरीनचं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. माठात हात आणि पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ घ्या. जारचं पाणी थंड असतं म्हणून शुद्ध असतं असं नाही. थंडपणाने हा जंतू मरत नाही, बर्फातही तो तग धरतो.

खाण्याचंही तसंच. बाहेरचं म्हणजे वाईट आणि घरचं म्हणजे चांगलं, अशी सरळ विभागणी मी करत नाही. आमच्या शहरातला नान-खलिया घ्या. देगेत तासन्‌तास रटरटणारा, वाफाळता ताटलीत पडलेला खलिया टायफॉइडच्या दृष्टीने सुरक्षित असतो. काळजी असते ती बाजूला चिरून ठेवलेल्या कांद्याची, पातळ चटणीची आणि जगमधल्या पाण्याची. रसवंतीत ऊस स्वच्छ असला तरी बर्फाची लादी कुठल्या पाण्याची, ते बघा. पाणीपुरीतली पुरी तळलेली असते, पाणी उकळलेलं नसतं.

आणि हात. साबणाने, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी. बरे झालेल्यांपैकी शंभरात एक ते पाच जण वर्षभराहून अधिक काळ जंतू बाहेर टाकत राहतात. जंतू पित्ताशयात घर करून असतो, माणसाला स्वतःला काहीच होत नाही. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच होती. १९०६-०७ मध्ये तिचा शोध लागला आणि पुढे तिला आयुष्याची बरीच वर्षं एकांतवासात काढावी लागली. तिच्यावर तेव्हा उपाय नव्हता, आज आहे. म्हणून आचारी, मेस चालवणाऱ्या ताई, हॉटेलातला वेटर यांना टायफॉइड होऊन गेला असेल तर शौचाची तपासणी करून घ्यावी. अन्नसुरक्षेच्या नियमांत तर अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आंत्रज्वराच्या (टायफॉइडच्या) गटातल्या आजारांवरची लस, दोन्ही सांगितलेल्या आहेत. आपण ज्या मेसला मुलाला घालतो तिथे हे कागद आपण मागायलाच हवेत.

शेवटचं लसीचं. टायफॉइडची नवी, संयुग्म लस हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवली. एकच इंजेक्शन, सहा महिन्यांच्या बाळापासून देता येतं, आणि नेपाळ, बांगलादेश, मलावी इथल्या चाचण्यांत तिने सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ही लस ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्याच टप्प्यात १ लाख १३ हजारांहून अधिक मुलांना ती मिळाली. सरकारी मोहिमेत ही लस वापरली जाण्याची जगातली ती पहिलीच वेळ, आणि ती महाराष्ट्रातल्या एका महापालिकेने घडवली. पुढच्याच वर्षी पाकिस्तानने ती नेहमीच्या लसीकरणात आणली. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ती पैसे देऊन मिळते. ज्यांना परवडते त्यांनी मुलांना द्यावीच. ज्यांची मुलं ड्रममधलं पाणी पितात, त्यांच्यापर्यंत मात्र ती महापालिकेच्या आरोग्य केंद्रातूनच पोचू शकते. आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाकडे पाण्याच्या टाइमटेबलची तक्रार घेऊन जाल, तेव्हा नवी मुंबईसारखी लस इथल्या मुलांना कधी मिळणार, हेही विचारा.